फॉरमॅट मारण्याआधी एकदा चालवून पाहू द्या

शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,



राज्यातल्या शाळांच्या संगणक कक्षांत आज कितीतरी यंत्रे अशी आहेत, की ती बंद पडलेली नाहीत आणि चालू आहेत असेही म्हणवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट्स थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमारास किंवा त्यानंतर आलेला लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी शाळांना मिळालेले संगणक या अटीत बसत नाहीत. शिक्षणसंस्थांना विंडोज १० ची वाढीव मुदत विकत घेता येते. तिचा पहिल्या वर्षाचा दर नाममात्र आहे, पण तो दर वर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनी तीही सोय संपते.

त्यामुळे मुख्याध्यापकांच्या बैठकांत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते, "त्यावर लिनक्स टाकून घ्या." समोरून तितक्याच ठामपणे उत्तर येते, "आम्ही पाहिलंय, ते चालत नाही." बहुतेक वेळा टाका म्हणणाऱ्याने आधी त्या यंत्रावर ते चालवून पाहिलेले नसते, आणि चालत नाही म्हणणाऱ्याने ते कधी बसवलेले नसते. माझी विनंती याच गोंधळाबद्दल आहे. मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो, आणि सुट्ट्यांमध्ये आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतली अडून बसलेली यंत्रे चालती करायला जातो. जे लिहितो आहे ते त्या खोल्यांमध्ये पाहिलेले आहे.

विंडोजच्या सवयीत वाढलेल्या माणसाला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या या मुक्त प्रणालीची, एक गोष्ट चटकन पटत नाही. ते संगणकात न बसवता चालवता येते. सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून ते थेट सुरू होते, आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय आतल्या हार्डडिस्कवर काही लिहीत नाही, आणि यंत्र बंद केले की फळा पुसावा तसे सगळे पुसले जाते. याला लाइव्ह सीडी म्हणतात. सीडीचा जमाना सरला तरी नाव टिकून आहे. असे प्रयोग १९९२ च्या इग्ड्रासिल लिनक्सपासून होत होते, पण ही सोय खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेली ती जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने, २००० सालापासून. सातशे एमबीच्या सीडीत दाबून बसवलेली सुमारे दोन जीबीची प्रणाली, आणि यंत्रात कोणते कार्ड आहे, कोणता पडदा आहे हे स्वतःहून ओळखण्याची हातोटी, यामुळे क्नॉपिक्सची सीडी दुरुस्ती करणाऱ्यांच्या पिशवीत कायमची जाऊन बसली. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चालवून पाहायची सीडी वेगळी आणि बसवायची वेगळी असे. जून २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत दोन्ही एकाच चकतीवर आल्या. उबुंटू तयार करणारी कॅनॉनिकल कंपनी २०११ पर्यंत या सीड्या जगभर फुकट टपालाने पाठवत असे, आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतही ती पाकिटे येत.

'चालवून पहा' आणि 'बसवा' ही दोन बटणे एकाच पडद्यावर शेजारीशेजारी आली, ही मोठी सोय झाली. पण त्यातूनच एक समज रुजला, की एक पाहिले म्हणजे दुसरे कळले. तसे नाही. दोन्हींतून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात, आणि आपल्या शाळांचे निर्णय चुकतात ते एकाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे.

एका यंत्राचे उदाहरण सविस्तर सांगतो. कॅबिनेटवर डेडस्टॉकचा पांढरा नंबर रंगवलेला, आत कोअर आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क. विंडोज सुरू व्हायला इतका वेळ घेई, की पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे त्यातच जात. शाळेने ते निर्लेखनाच्या यादीत घातले होते. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली होती. यंत्र चालू करताना एफ-१२ दाबून यादी आणली आणि पेनड्राइव्ह निवडला. पहिल्या खेपेस पडदा काळाच राहिला. पेनड्राइव्ह सुरू होताना मिंटची स्वतःची यादी येते, तीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' नावाची ओळ असते. दुसऱ्या खेपेस ती निवडली आणि डेस्कटॉप आला. स्पीकरमधून आवाज आला. जुना व्हीजीए प्रोजेक्टर जोडला, भिंतीवर चित्र आले. वायफायचा छोटा डोंगल मात्र ओळखला गेला नाही. दुसऱ्या बनावटीचा लावला, तो लगेच चालला. मग ब्राउझर उघडला, तर यू-डायस प्लसपासून शालार्थपर्यंत एकही सरकारी पोर्टल उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा. खोलीतल्या दोघातिघांनी लगेच म्हटले, "बघा, लिनक्सवर सरकारी साइट चालत नाहीत."

कारण वेगळेच होते. कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख २०१२ ची होती. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र तारीख विसरते, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ब्राउझरला खोटी वाटतात. विंडोजवरही हेच झाले असते, किंबहुना त्या शाळेत आधी झालेही होते. तेव्हा नेट खराब आहे असे समजून सोडून दिले होते. गावातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, तारीख लावली, पोर्टल उघडली.

लाइव्ह चालवण्याचा खरा उपयोग हा असा आहे. त्यातून यंत्राची तपासणी होते. पडदा, आवाज, वायफाय, प्रोजेक्टर, प्रिंटर, मराठी कळफलक हे सगळे काही न पुसता, काही न बदलता पाहता येते. प्रिंटरचा मुद्दा मुद्दाम सांगतो. शाळांच्या कार्यालयांत असलेल्या काही स्वस्त लेझर प्रिंटरांना उत्पादकाचा खास ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर सरळ बसत नाही. काही प्रिंटर मात्र जोडताक्षणी चालू लागतात. आपल्या शाळेतला कोणत्या प्रकारचा, हे बसवण्याआधी कळलेले बरे.

आणखी एक उपयोग शाळांना माहीतच नसतो. विंडोज सुरूच होत नाही, पण हार्डडिस्क शाबूत आहे, असे यंत्र लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून आतल्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची किल्ली लागते, एवढेच. ज्या शाळेला लिनक्स कधीही बसवायचे नाही, तिच्याही कपाटात असा एक पेनड्राइव्ह असावा असे माझे स्पष्ट मत आहे. गेलेले निकालपत्रक परत मिळाल्यावर एखाद्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो मी पाहिला आहे.

पण लाइव्ह पाहून वेगाबद्दल मत बनवणे हा यंत्रावरही अन्याय आहे आणि प्रणालीवरही. लाइव्ह चालताना प्रत्येक प्रोग्राम दाबून ठेवलेल्या अवस्थेत पेनड्राइव्हवरून वाचला जातो, मग रॅममध्ये उलगडला जातो. जुन्या यूएसबी २.० खाचेतून सेकंदाला तीसेक एमबी आली तरी पुष्कळ. सीडीवरून तर त्याहून कितीतरी कमी. शिवाय आपण जे काही लिहितो, जतन करतो, ते सगळे रॅममध्ये ठेवले जाते, कारण ठेवायला दुसरी जागाच नसते. चार जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघडल्या की यंत्र गुदमरते. तेच यंत्र, तीच प्रणाली, पण आत साधी सॅटा एसएसडी घालून बसवलेली, तर वाचनाचा वेग सेकंदाला पाचशे एमबीच्या घरात जातो आणि रॅम भरली तर डिस्कवरची स्वॅपची जागा हाताशी असते. वर ज्या यंत्राचे वर्णन केले, त्यात एसएसडी घालून मिंट बसवले. आता मुले बाकावर बसेपर्यंत पडदा तयार असतो. 'आम्ही पाहिलंय, ते चालत नाही' म्हणणाऱ्या शाळांनी पाहिलेले असते ते पेनड्राइव्हवरचे लिनक्स, तासाभरापुरते.

उलट टोकाच्या शाळाही आहेत. लाइव्ह चालले, मग बसवायचे कशाला, म्हणून तिथे मुलांना रोज पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून देतात. अशा एका शाळेत सहावीतल्या एका मुलीने टक्स पेंट या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये आपल्या गावच्या यात्रेचे चित्र काढले होते. पाळणा, पालखी, माणसांची रांग, सगळे माउसने, दोन तास खपून. दुसऱ्या दिवशी तिने तेच यंत्र उघडले आणि तिथे काहीच नव्हते. "सर, माझं चित्र कुणी पुसलं?" असे तिने विचारले. कुणी पुसले नव्हते, ते कुठे ठेवलेच गेले नव्हते. मुलांना संगणक शिकवायचा म्हणजे आपले काम जपून ठेवायला, उद्या परत उघडायला, सुधारायला शिकवायचे. रोज कोरे होणाऱ्या यंत्रावर ते शिकवता येत नाही. पेनड्राइव्हवरच थोडी जागा राखून बदल टिकवण्याची सोय असते, पण स्वस्त पेनड्राइव्ह रोजच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर थकतात. सुरक्षिततेचेही तेच आहे. जूनमध्ये तयार केलेला पेनड्राइव्ह मार्चमध्येही जूनच्याच अवस्थेत सुरू होतो. मधल्या काळात सापडलेल्या आणि बुजवलेल्या फटी त्यात उघड्याच राहतात. ज्या सुरक्षेच्या कारणाने आपण विंडोज १० सोडतो आहोत, तेच कारण इथेही लागू आहे.

म्हणजे शेवटी बसवावेच लागते. आणि बसवताना काय होऊ शकते, हेही आपल्यासमोर ठेवतो. इन्स्टॉलरमध्ये 'डिस्क पूर्ण पुसून बसवा' असा पर्याय असतो, आणि काही वेळा तोच आधी निवडलेला असतो. एका शाळेत दुरुस्तीला आलेल्या माणसाने घाईत कार्यालयाच्या संगणकावर तेच केले. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे नमुने, जुन्या वेतनबिलांच्या प्रती, बोनाफाइडची पत्रे, सगळे गेले. बॅकअप नव्हता. त्या मुख्याध्यापिकेने पुढे शाळेत लिनक्सचे नावही काढू दिले नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. चूक झाली ती क्रमात. आधी लाइव्ह चालवून त्याच पेनड्राइव्हवरून सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घेतल्या असत्या, तर एका दुपारचे काम होते.

कार्यालयाच्या संगणकाबद्दल आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्या शाळांतला बराचसा जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो जुन्या, खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, आणि ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची अगम्य चिन्हे होतात. फॉन्टची फाइल उचलून लिनक्समध्ये टाकली की बहुधा मजकूर दिसतो, पण कोष्टके थोडी सरकतात, दाखल्याची चौकट पानाबाहेर जाते. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मिळतो आणि मराठी फॉन्टही सहज मिळतात. पण ज्यांनी आयुष्यभर रेमिंग्टनच्या पद्धतीने टाइप केले, त्या लिपिकांसाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. डिजिटल सहीचा डोंगलही आधी तपासावा लागतो. म्हणून माझे ठाम मत आहे, की मुलांच्या कक्षातली यंत्रे आधी घ्यावीत आणि कार्यालयाचे यंत्र सर्वांत शेवटी, तेही लिपिकाने स्वतः तयारी दाखवल्यावर.

आपल्यासमोर असा आक्षेप येईल, की मुलांना पुढे नोकरीत वर्ड आणि एक्सेलच लागणार, एमएस-सीआयटीतही तेच आहे, मग त्यांच्या जागी लिनक्सवरचे लिब्रेऑफिस कशाला? केरळने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिथे २००१ च्या सुमारास 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू झाला, पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर आला, आणि २०१७ पासून 'काइट' या नावाने सरकारी कंपनी म्हणून काम करतो. उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली ते शाळांसाठी तयार करतात. जिओजेब्रासारखी शिकवण्याची साधने तीत आधीच असतात. त्यामुळे केरळची मुले नोकरीच्या बाजारात मागे पडली असे मी तरी ऐकलेले नाही. सातवीच्या मुलाला बेरजेचे सूत्र कसे लिहायचे हे लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये कळले, की एक्सेलमध्ये ते वेगळे शिकवावे लागत नाही. पण केरळची खरी ताकद त्या सॉफ्टवेअरहून त्यांच्या शिक्षकांच्या तयारीत आहे. त्यांनी आधी शिक्षक तयार केले, मग यंत्रे बदलली.

आपल्याकडे ही तयारी करायला लागणारे बरेचसे साहित्य आधीच आहे. पवईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात फुकट देतो. 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार करणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही पुण्यातच आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवणे आपल्याला अवघड नाही.

आता विनंती. कोणत्याही शाळेचा संगणक निर्लेखित करण्याआधी तो एकदा लाइव्ह लिनक्सवर चालवून पाहावा, आणि काय चालले, काय नाही, याची एक पानी नोंद डेडस्टॉक रजिस्टरला जोडावी, असे बंधन घाला. गटसाधन केंद्रात एका व्यक्तीला हे काम नीट शिकवा आणि तिच्याकडे तयार पेनड्राइव्ह द्या, म्हणजे मुख्याध्यापकांना गावातल्या दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही. जे यंत्र या तपासणीत पास होईल, त्यात एसएसडी, रॅम आणि तो छोटा सेल घालण्याचा खर्च जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातून करता यावा, आणि अनुदानित शाळांसाठी तशीच वाट काढावी. लेखापरीक्षणात 'जुन्या यंत्रावर खर्च का केला' असा शेरा येईल या धास्तीने आज कुणी हात घालत नाही. असा खर्च चालेल, या एका वाक्याची स्पष्टता शासन निर्णयात असली, तरी पुष्कळ कुलुपे निघतील. पुढे प्रत्येक शाळेने एकच यंत्र बसवून एक सत्र खऱ्या तासांना वापरावे, आणि मगच उरलेल्यांचे ठरवावे. लाइव्हमधून यंत्र कळते. पण वर्गशिक्षकाला ते झेपते का, मुले रमतात का, बुधवारी अडलेले गुरुवारी कोण सोडवते, हे बसवून वापरल्याशिवाय कळत नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. अमुक तारखेपर्यंत सर्व शाळांनी लिनक्स बसवावे, असा सरसकट आदेश काढू नका. मी लिनक्सच्या बाजूचा माणूस आहे, तरी हे लिहितो. आदेशाखातर बसवलेले लिनक्स महिनाभरात निघते आणि त्याच्या जागी विनापरवाना विंडोज येऊन बसते. अहवालात मात्र शंभर टक्के काम झालेले दिसते. ज्या मुख्याध्यापकाने आपल्या डोळ्यांनी आपल्या यंत्रावर ते चालताना पाहिले, आणि मग आपल्या हाताने बसवले, तो ते काढत नाही. त्याला फक्त पाहायला वेळ आणि बसवायला मदत हवी आहे.

उन्हाळी सुट्टीत संगणक कक्ष मोकळे असतात आणि शिक्षकांची प्रशिक्षणेही तेव्हाच होतात. दोन-तीन तालुके निवडून त्या सुट्टीत ही तपासणी सुरू करता येईल. त्यासाठी पेनड्राइव्ह तयार करणे, शिक्षकांना एक दिवस शिकवणे, नोंदीच्या कागदाचा नमुना करून देणे, यातले जे सांगाल ते करायला मी आणि माझ्यासारखे बरेच शिक्षक तयार आहोत. आपल्या कार्यालयाने शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत निरोप दिला तरी पुरे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक